दाखवायचे दात वेगळे

मागच्या वर्षी माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. एक माझा, एक मावशींचा. आजार दोघींचा एकच, हिरड्यांचा. नकारही एकच. फरक एवढाच, की माझा नकार इंग्रजीत छापून आला होता आणि मावशींना तो तोंडी मिळाला होता.

मावशी आमच्या करमाळ्याच्या सल्ला केंद्रात दाताचं सांगायला आल्याच नव्हत्या. लेकीला सासरी नांदवत नाहीत, म्हणून आल्या होत्या. उजनीच्या पाण्याकडच्या गावातल्या. केळीच्या, उसाच्या रानात रोजानं खुरपायला जातात. वय त्रेचाळीस, दिसायला पंचावन्नच्या. बोलताना पदर सारखा तोंडावर. मी मनात म्हटलं, नवीन बाई आहे, लाजते आहे. तिसऱ्या खेपेला न राहवून म्हणाले, "मावशी, इथं कुणी पुरुष नाही. पदर काढा की." तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरुषासाठी न्हाय ताई. तोंडाला वास येतो. तुमास्नी तरास नको."

मी एम. एस. डब्ल्यू. केलं आहे. बाईच्या न बोललेल्या गोष्टी ओळखायचं शिक्षण घेतलं आहे. पण पदर म्हणजे मर्यादा, यापलीकडे मला काही वाचता आलं नव्हतं. समोरची बाई दोन वर्षं पू गिळत होती.

दातांच्या डॉक्टरांनी तपासलं. हिरड्या दातांपासून सुटलेल्या, मध्ये खोल खाचा, आतलं हाड झिजलेलं, पुढचे दोन दात हलणारे. रक्त तपासलं तर साखर वाढलेली. डॉक्टरांनी सांगितलं, आधी खोल सफाई, मग जबड्याच्या चार भागांत हिरडी उघडून शस्त्रक्रिया. एका भागाचे ६,००० रुपये, चारांचे २४,०००. सफाईचे २,५०० वेगळे. आणि हे नको असेल तर दात काढून टाकायचे, दाताला ३०० रुपये.

आमच्या भागात खुरपणाऱ्या बाईचा रोजही ३०० च्या आसपासच आहे. म्हणजे दात काढायला एक दिवसाची मजुरी आणि वाचवायला ऐंशी दिवसांची. मावशींनी हिशेब माझ्याआधी केला. "काढूनच टाका म्हनावं." मग एकदम आठवल्यासारखं करून पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं कार्ड काढलं. "पन ताई, ह्यो पाच लाखाचा विमा हाय की माझा!"

आम्ही ते कार्ड घेऊन योजनेतल्या एका रुग्णालयात गेलो. तिथल्या आरोग्यमित्रानं यादी पाहिली, पुन्हा पाहिली आणि मान हलवली. तो उद्धट नव्हता. हिरड्या यादीत नव्हत्या.

आता माझं. मी ३६ वर्षांची. संस्थेनं आम्हा कार्यकर्त्यांचा तीन लाखांचा गटविमा काढला आहे. माझ्याही दोन भागांत शस्त्रक्रिया झाली, १४,००० रुपये भरले, पावत्या जोडून दावा पाठवला. उत्तर आलं: उपचार बाह्यरुग्ण स्वरूपाचा आहे, शिवाय दातांचे उपचार पॉलिसीतून वगळलेले आहेत. अडतीस पानांची पॉलिसी त्या दिवशी मी पहिल्यांदा उघडली. बायकांना कायदा समजावून सांगणारी मी. सही करताना एक पानही वाचलं नव्हतं.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असं आपण म्हणतो. विम्याला तर दातच नकोत.

दात हा अवयव आहे की दागिना?

हिरड्यांचा आजार म्हणजे जुन्या लोकांचा पायोरिया. दातांवर जंतूंचा थर साचतो, त्याचा दगडासारखा चुना होतो, हिरडी सुजते, घासताना रक्त येतं. इथवर सफाईनं सगळं पूर्ववत होतं. पण दुर्लक्ष झालं की हिरडी दातापासून सुटते, खाच पडते आणि दाताला धरून ठेवणारं हाड विरघळायला लागतं. गेलेलं हाड सहसा आपोआप परत येत नाही. दुखत फारसं नाही, हीच यातली फसवी गोष्ट. दात हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. मधुमेहात हा आजार बळावतो, आणि हा आजार असला की साखर आटोक्यात ठेवणं कठीण जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे १०० कोटी लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे.

मग याला आजार मानायला अडचण कोणती? आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली. आपल्या राज्याची महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं, २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि २०२३ च्या शासन निर्णयानं राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांचं संरक्षण जाहीर झालं. जबडा मोडला, जबड्यात गाठ झाली, तोंडाचा कर्करोग झाला, तर या योजनांत उपचार आहेत, आणि ते अनेकांना मिळालेही आहेत. ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. पण आयुष्मान भारतच्या वगळलेल्या बाबींत दातांचे उपचार आहेत: सौंदर्यासाठीचे, दात भरण्याचे, रूट कॅनलचे, झिजेचे. सूट एकच: आजारामुळे किंवा इजेमुळे गरज पडली असेल आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागत असेल तर. हिरडीची शस्त्रक्रिया भूल देऊन खुर्चीवर तासा-दीड तासात होते. बाई उठून घरी जाते आणि संध्याकाळी भाकरी थापते. दाखल होत नाही, म्हणून तिचा आजार नाही!

खाजगी विम्याचंही तेच. आपल्याकडे 'मेडिक्लेम' १९८६ साली आला तो रुग्णालयातल्या खाटेचा विमा म्हणून. खाट नाही तर पैसे नाहीत, हा त्याचा पाया. आता २०२० पासून प्रत्येक आरोग्यविमा कंपनीला 'आरोग्य संजीवनी' ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. तिच्यात 'आजारामुळे किंवा इजेमुळे आवश्यक झालेले दातांचे उपचार' असे शब्द आहेत. वाचून बरं वाटतं. पुढं वाचलं की कळतं, हेही दाखल झाल्यावरच किंवा 'डे केअर' म्हणूनच. आणि डे केअरची व्याख्या अशी: भूल देऊन रुग्णालयात किंवा डे केअर केंद्रात केलेला, आणि नव्या तंत्रामुळे २४ तासांच्या आत होणारा, एरवी २४ तासांपेक्षा जास्त दाखल राहावं लागलं असतं असा उपचार. साध्या दवाखान्यातल्या खुर्चीवर झाला तर तो बाह्यरुग्ण. म्हणजे एका वाक्यात दिलं आणि दुसऱ्या वाक्यात काढून घेतलं.

याच्या शेजारी आणखी एक कागद ठेवून पाहू. सल्ला केंद्रात आमचं रोजचं काम मारहाणीच्या प्रकरणांचं. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२० आम्हाला पाठ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ११६ झालं. 'गंभीर दुखापत' कशाला म्हणायचं याची त्यात यादी आहे. डोळा जाणं, कान जाणं, आणि सातव्या क्रमांकावर: हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं. नवऱ्यानं ठोसा मारून दात पाडला तर तो कायद्यासाठी हाडाच्या बरोबरीचा. पोलीस ठाण्यात हे कलम दाखवून मी भांडले आहे. तोच दात आजारानं पडला तर विम्याच्या लेखी तो झीज. एकाच बाईचा एकच दात फौजदारीत अवयव, आरोग्य खात्यात दागिना. हे कसं?

आणि सरकारला हे कळत नाही असंही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सी. जी. एच. एस. योजनेच्या दरपत्रकात हिरडीच्या फ्लॅप शस्त्रक्रियेला दर ठरलेला आहे, वाढलेली हिरडी कापण्याला आहे, सफाईलाही आहे. म्हणजे साहेबांची हिरडी हा आजार, आणि साहेबांच्या ताटात केळं पोचवणाऱ्या मावशींची हिरडी ही हयगय.

बेंबीच्या वर बाई नसतेच

सरकारी आरोग्यव्यवस्थेनं बाईकडे पाहिलं ते कायम गर्भाशयाच्या वाटेनं. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं १९९६ साली कागदावरून गेली, पण नजर गेली नाही. बाळंतपण दवाखान्यात व्हावं म्हणून २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली, पहिलटकरणीसाठी २०१७ पासून मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आले. ही मदत हवीच आहे. पण गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, रक्त येतं, हे जाणकारांना ठाऊक असूनही मी पाहिलेल्या तपासण्यांत एकाही बाईला कुणी 'आ कर' म्हटलं नाही. पोट मोजतात, वजन करतात, सुई देतात. तोंड राहून जातं. आणि घरी सासू सांगते, "एका लेकराला एक दात जातोच. आमचे न्हाई का गेले?"

मावशी बाराव्या वर्षापासून मिसरी लावतात. भाजलेल्या तंबाखूची ही पूड आपल्याकडच्या खेड्यांत बायकांचीच. पुरुष चारचौघांत तंबाखू मळतो, ती त्याची ऐट. बाई पहाटे चुलीपाशी, नाहीतर परसात, बोटानं मिसरी लावते. दात घासायचं निमित्त, पण खरी गोष्ट मावशींनीच सांगितली: "मिसरी लावली की भूक लागत न्हाय. दुपारपतुर निभतं." रानात जाताना पोरांना दोन घास जास्त मिळावेत म्हणून जी बाई तंबाखूवर भूक मारते, तिला डॉक्टर 'व्यसनी' म्हणतात आणि विमा 'स्वतःच्या चुकीचा आजार' म्हणतो. मिसरीनं हिरड्या जातात, कर्करोगाचा धोका वाढतो, पोटातल्या बाळाचं वजन घटतं. ती सुटलीच पाहिजे. पण भुकेबद्दल अक्षर न काढता मिसरीवर भाषण देणाऱ्याला मी तरी टाळ्या वाजवणार नाही.

आमच्या तालुक्यातलं केमचं कुंकू दूरदूर जातं. बाईचं कपाळ लाल हवं याची सगळ्यांना काळजी. कपाळाच्या चार बोटं खाली काय चाललंय, ते पदराआड.

घरातला हिशेबही असाच. मावशींच्या घरात त्या वर्षी पाइपलाइनची मोटर जळली, तिला १८,००० रुपये उभे राहिले. उभे करावेच लागतात, पीक जातं, हे मान्य. पण दाताचं निघाल्यावर नवरा म्हणाला, "तिला काय आता लगीन करायचंय?" तो वाईट माणूस नाही. त्याच्या मते बाईचे दात लग्नापुरते असतात; भाकरी चावायला असतात, हे त्याला सुचलंच नाही. आपलेच दात, आपलेच ओठ; मावशींनी कुणाविरुद्ध बोलायचं?

'मग प्रत्येकाचेच दात भरत बसायचे का?'

विमा कंपनीच्या एका प्रतिनिधीनं मला हे विचारलं. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून उत्तर देते. विमा असतो तो अनिश्चित संकटाचा. शंभर जण थोडं थोडं भरतात, दोघांवर आपत्ती येते, त्यांना मिळतं. हिरड्यांचा त्रास मात्र कमीअधिक प्रमाणात बहुतेकांना होतो. मग हप्ताच खर्चाइतका होईल. बरोबर! पण यातून काय निघतं? हिरड्यांचा आजार महत्त्वाचा नाही, हे निघत नाही. तो विम्याच्या भरवशावर सोडण्याचा विषयच नाही, हे निघतं. जे सर्वांना होतं त्यासाठी सार्वजनिक सेवा लागते, जशी लसीकरणाला लागते. ब्राझीलनं २००४ साली सरकारी आरोग्यसेवेतच मोफत दंतसेवेचा मोठा कार्यक्रम उभा केला. आपल्याकडेही राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून कागदावर आहे. पण ज्या सरकारी दवाखान्यात मी मावशींना घेऊन गेले तिथं दाताची खुर्ची होती, डॉक्टरही होते, सफाईचं यंत्र बंद होतं. दात काढून मिळत होते. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबईला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला. चार भागांची शस्त्रक्रिया म्हणजे चार खेपा, टाके काढायच्या वेगळ्या. प्रत्येक खेपेला जेऊर स्टेशन किंवा एस. टी., बुडालेला रोज आणि सोबतीला एक माणूस. 'मोफत' उपचार किती महाग असतो, हे रोजंदारीवरच्या बाईला विचारावं.

पाच लाखांचं कार्ड हातात देऊन सफाईचं यंत्र बंद ठेवायचं, यात सरकारला सोय आहे. कार्डावर फोटो छापता येतो, यंत्रावर येत नाही.

तोवर आपण काय करायचं?

रडून भागणार नाही, म्हणून मला उशिरा कळलेल्या चार गोष्टी सांगते.

शस्त्रक्रिया म्हटल्याबरोबर घाबरून दात काढू नका आणि लगेच होही म्हणू नका. खाचांची खोली मोजली का, एक्स-रे काढला का, हे विचारा. आधी खोल सफाई करून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, हा सर्वसाधारण क्रम आहे; बऱ्याच जागी त्यानंतर कापायची गरज उरत नाही. दर दातामागे की भागामागे, टाके, औषधं, पुढच्या तपासण्या धरून की सोडून, हे लेखी घ्या. पक्की पावती मागा.

विमा असेल तर उपचाराच्या आधी कंपनीला लेखी विचारा: दातांचे उपचार वगळले आहेत का, डे केअर म्हणून धरता का, कुठं केले तर, आणि आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ किती? जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं माहितीपत्रक देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि मागितलं तर ते मराठीत द्यावं लागतं. मागा. नवी पॉलिसी पटली नाही तर हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

दावा नाकारला तर कलमासह लेखी कारण घ्या. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. आपल्या भागाचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. मी अर्ज केला आहे. पॉलिसीत वगळलेलं असताना मला पैसे मिळतील, या भ्रमात मी नाही. पण नकारांची मोजदाद झाली पाहिजे. बाई गप्प बसली की 'मागणीच नाही' असं लिहिलं जातं.

आणि आपल्या संघटनांनीही आरशात पाहावं. आम्ही बचतगटाच्या बैठकांत आयुष्मान कार्डांच्या रांगा लावल्या, 'पाच लाख मिळणार' असं सांगितलं. काय मिळणार नाही, हे कधी सांगितलं का? गर्भाशयावर आम्ही मोर्चे काढले, ऊसतोडणीच्या बायकांची गर्भपिशवी काढून टाकण्याचा बाजार २०१९ साली बीडमध्ये उघडा पडला तेव्हा आम्ही हादरलो. अवयव वाचवण्यापेक्षा काढणं सोपं, हेच गणित बाईच्या तोंडातही रोज मांडलं जातं. तिथं रक्त थुंकून टाकतात, म्हणून दिसत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातली दाताची खुर्ची चालू हवी: सफाईचं यंत्र, सामान आणि रोजानं जाणाऱ्या बाईला जमेल अशी वेळ. गरोदरपणाच्या आणि मधुमेहाच्या तपासणीत तोंड पाहणं सक्तीचं हवं. हिरडीची शस्त्रक्रिया राज्याच्या योजनेत डे केअर म्हणून, निदान सरकारी रुग्णालयांत तरी, धरली जावी. आणि कार्डासोबत 'यात काय नाही' हे मराठीत, मोठ्या अक्षरांत द्या.

मावशींचं काय झालं? दोन दात गेले. खोल सफाई झाली. दोन महिन्यांनी तपासलं तेव्हा चारपैकी दोन भाग सुधारले होते. उरलेल्या दोघांच्या शस्त्रक्रियेसाठी बचतगटातून १२,००० रुपये काढले, शेकडा दोन रुपये महिना व्याजानं. मिसरी दिवसातून चारदा होती, ती एकदावर आली आहे. अजून सुटलेली नाही. हप्ते चालू आहेत. लेकीच्या प्रकरणात तारखेला येतात तेव्हा पदर खांद्यावर असतो, पण जोरात बोलायचं झालं की हात सवयीनं तोंडाकडे जातोच.

ज्यांच्याकडे दातांच्या उपचाराचा नाकारलेला दावा आहे, किंवा कार्ड असून परत पाठवलं गेलं आहे, त्यांनी त्या कागदाची प्रत आणि तोंडी नकार असेल तर तारीख-वार लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवावं. नावं छापणार नाही. गठ्ठा पुरेसा झाला की आपण तो घेऊन सोलापूरला जिल्हा परिषदेवर आणि तिथून मुंबईला जाऊ. माझा आणि मावशींचा, असे पहिले दोन कागद फायलीला लावले आहेत.